पंचांचा निर्णय आणि नशीब



कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो महागाई भत्त्यावर नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. आजच्या पत्रिकेवर क्रिकेटचा विषय पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. परंतु आमचा धंदाच मुळी तंट्याचा. दोन बाजू, त्यांच्यामध्ये तिसरा एक माणूस, निर्णय त्याच्या हाती, आणि निर्णय लागल्यावर हरलेल्या बाजूची रात्रभर चाललेली चर्चा, हेच आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलणे चालते ते कानी पडले की आम्हाला औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्याची आठवण होते. तिथेही तीच तीन वाक्ये ऐकू येतात. "पंचांनी मारले." "नशीबच फुटके." "नियमच असला, कोण काय करणार?" लोक ही तिन्ही वाक्ये एका दमात बोलून टाकतात. आमचे म्हणणे असे की, ही तीन निरनिराळी गाऱ्हाणी आहेत. ती वेगळी काढता आली नाहीत म्हणजे क्रिकेटच्या चर्चेत घोळ होतो, आणि क्रिकेटच्या बाहेर त्याहून मोठा होतो.

आधी शब्दाचेच पाहा. क्रिकेट आपल्याकडे साहेबाने आणले, पण अंपायरला मराठीत शब्द हवा झाला तेव्हा आपण तो गावच्या चावडीवरून उचलला. पंच! ज्याच्या मुखी परमेश्वर बोलतो असे आपण मानत आलो, तो. इंग्रजी शब्दाची जातकुळीही तीच आहे. 'अंपायर' हा मूळचा जुन्या फ्रेंचमधला 'नोनपेर', म्हणजे जोडीत न बसणारा, तिसरा. खेळाच्या आधी तो तंट्यात वापरला जात होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९६४ साली दुरुस्ती झाली तेव्हा असे कलम घालण्यात आले की, मालक आणि कामगार यांनी सम संख्येने लवाद नेमले तर मतभेदाच्या वेळी निकाल देण्यासाठी एक अंपायर नेमला पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्हाला हसू आले होते. तेव्हा आमचा विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

आता प्रत्यक्ष सामन्याकडे येऊ. उदाहरण घ्यायचे तर सगळ्यांनी पाहिलेले घ्यावे, आणि आपला देश त्यात नसलेलाच बरा, म्हणजे डोके थंड राहते. १४ जुलै २०१९ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. न्यूझीलंडने ५० षटकांत ८ बाद २४१ धावा केल्या. इंग्लंडला जिंकायला २४२ हव्या होत्या. शेवटच्या षटकाला आरंभ झाला तेव्हा १५ धावा बाकी होत्या, गोलंदाज ट्रेंट बोल्ट, समोर बेन स्टोक्स. पहिल्या दोन चेंडूंवर धाव नाही. तिसऱ्यावर षटकार. चौथा चेंडू स्टोक्सने मिडविकेटकडे मारला आणि दोघे दुसऱ्या धावेसाठी पळत सुटले. सीमेवरून गप्टिलने चेंडू फेकला. स्टोक्सने आपली जागा गाठण्यासाठी जमिनीवर झेप घेतली आणि तो फेकलेला चेंडू त्याच्या पुढे केलेल्या बॅटला लागून थेट सीमापार गेला. स्टोक्सने दोन्ही हात वर करून माफी मागितली. त्याने मुद्दाम काही केले नव्हते. पंच कुमार धर्मसेना यांनी सहकारी मराइस इरॅस्मस यांच्याशी बोलून सहा धावा दिल्या. पळून काढलेल्या दोन, चौकाराच्या चार.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. उरलेल्या दोन चेंडूंवर दोनच धावा झाल्या, दोन्ही वेळा दुसरी धाव घेताना पलीकडचा गडी धावचीत झाला, आणि इंग्लंडचा डावही २४१ वर संपला. मग एकेक षटकाचा जादा डाव. त्यातही दोघांच्या १५-१५. तेव्हा नियमपुस्तकात लिहिल्याप्रमाणे ज्याचे चौकार-षटकार जास्त तो विजयी, म्हणून २६ विरुद्ध १७ असा हिशेब करून चषक इंग्लंडला देण्यात आला.

त्या रात्री आणि पुढे कित्येक महिने लोक भांडले ते बहुतेक चौकार मोजण्यावरून. आम्ही मात्र हे प्रकरण आमच्या सवयीप्रमाणे तीन कागदांवर वेगळे मांडून पाहिले.

पहिला कागद नशिबाचा. चेंडू बॅटला लागला, हे शुद्ध नशीब. फेकणाऱ्याचा नेम चुकला नव्हता, पळणाऱ्याची लबाडी नव्हती. बॅट चार बोटे अलीकडे असती तर चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला असता. यात कोणाला दोष देता येत नाही आणि कोणाकडे दादही मागता येत नाही. असे नशीब खेळात राहणारच. ते काढून टाकले तर खेळ पाहायला कोण जाईल?

दुसरा कागद पंचांच्या चुकीचा. खेळाच्या नियमांत १९.८ क्रमांकाचे कलम आहे. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू सीमापार गेला तर चौकाराच्या चार धावा मिळतात, शिवाय पूर्ण केलेल्या धावा मिळतात, आणि चालू असलेली धाव मिळते ती दोन्ही फलंदाजांनी चेंडू फेकण्याच्या क्षणी एकमेकांना ओलांडलेले असेल तरच. गप्टिलच्या हातून चेंडू सुटला तेव्हा स्टोक्स आणि आदिल रशीद यांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलेले नव्हते. म्हणजे धावा पाच. शिवाय पुढचा चेंडू खेळायला स्टोक्सऐवजी रशीद यायला हवा होता. सायमन टॉफेल हे आपल्या काळचे नावाजलेले पंच. त्यांनी ही चूक असल्याचे उघड सांगितले. धर्मसेनांनीही पुढे चित्रफीत पाहून ती मान्य केली. मात्र मैदानावर ती पाहण्याची सोय नव्हती, म्हणून खेद वाटत नाही, असेही ते म्हणाले. हे नशीब नव्हे. कलम छापलेले होते, प्रसंग डोळ्यांसमोर घडला होता, आणि निर्णय कलमाविरुद्ध गेला.

तिसरा कागद नियमाचा. चौकार मोजून जगज्जेता ठरवणे आम्हालाही पटत नाही. ज्याने कमी चौकार मारून तेवढ्याच धावा केल्या तो अधिक पळाला, मग त्याला शिक्षा का? पण हा नियम सामन्याच्या आधी लिहिलेला होता आणि दोन्ही देशांच्या मंडळांना तो ठाऊक होता. तो खुळा होता, पण चोरून आणलेला नव्हता. करारावर सही करताना आमचे लोक पगारवाढीचा आकडा पाहतात आणि शेवटच्या पानावरचे 'उत्पादनाचे उद्दिष्ट' हे कलम वाचत नाहीत. मग सहा महिन्यांनी फाटकापाशी घोषणा देतात. त्यांना आम्ही जे सांगतो तेच इथे सांगू. ऑक्टोबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हा नियम रद्द केला. अशा सामन्यात आता निकाल लागेपर्यंत जादा षटके खेळवावीत असे ठरले. ठीक झाले. पण ध्यानात घ्या, लोकांचा राग ज्या कागदावर सर्वांत जास्त होता तो तिसरा, आणि न्यूझीलंडचे खरे गाऱ्हाणे होते ते दुसऱ्या कागदावर.

इथे कोणी विचारील, "म्हणजे पाच धावा दिल्या असत्या तर न्यूझीलंड एका धावेने जिंकले असते ना?" नाही, एवढे सरळ नाही. पाच दिल्या असत्या तर दोन चेंडूंत चार धावा हव्या होत्या आणि समोर रशीद असता. बोल्टने वेगळा चेंडू टाकला असता, क्षेत्ररक्षण बदलले असते. रशीदने कदाचित चौकार मारला असता, कदाचित पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला असता. चूक घडल्यानंतरचे सगळे जग त्या चुकीवर उभे राहते. मागे जाऊन एकच वीट काढता येत नाही. आमच्याकडे एखादा कामगार बारा वर्षांनी खटला जिंकतो. न्यायालय त्याला मागचा पगार देते, हिशेब पैशापैशाने बरोबर असतो. पण दरम्यान मुलाची शाळा सुटलेली असते, खोली विकलेली असते, त्याचा हिशेब कोणत्या तक्त्यात बसवायचा? तेव्हा आम्ही म्हणतो, न्यूझीलंडचा विजय हिरावला असे म्हणू नका. त्यांची संधी हिरावली म्हणा. तेवढे खरे आहे, आणि तेवढेही पुरेसे मोठे आहे.

जाता जाता न्यूझीलंडचा कर्णधार केन विल्यमसन याच्याविषयी एक शब्द. तो त्या रात्री कुरकुरला नाही, म्हणून त्याची जगभर वाहवा झाली. आम्हीही केली. मात्र सोसणाऱ्याचे कौतुक करताना लोकांना फार बरे वाटते, हेही आमच्या पाहण्यात आहे.

चूक आणि पक्षपात यांचीही लोक गल्लत करतात. फेब्रुवारी १९४९ मधला मुंबईचा ब्रेबोर्न मैदानावरचा कसोटी सामना जुन्या लोकांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताला जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ काढल्या. शेवटी ८ बाद ३५५, फक्त सहा धावा बाकी, दत्तू फडकर खेळत होते, आणि षटकातला एक चेंडू टाकायचा राहिलेला असतानाच पंचांनी बेल्स उचलल्या आणि सामना संपला! पंच कोण होते? आपलेच. घरचे पंच, घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि तोटा घरच्यांचाच. त्या गडबडीत मोजणी चुकली, एवढेच. त्यात कट शोधणाऱ्याला कट करण्याचे साधे शास्त्रही कळत नाही असे म्हणावे लागेल. त्या एका चेंडूवर सहा धावा निघाल्या असत्या असे आम्ही म्हणत नाही. पण तो चेंडू भारताच्या हक्काचा होता.

आता नियमाविषयी थोडे अधिक. पाऊस पडणे हे नशीब, यात वाद नाही. पण पाऊस पडल्यावर काय करायचे हे माणसे ठरवतात. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. बारा मिनिटांची सर आली. खेळाडू परत आले तेव्हा फलकावर अक्षरे झळकली, एका चेंडूत २२ धावा. प्रत्यक्षात २१ हव्या होत्या, पण त्याने काय फरक पडतो? नियम असा होता की, षटके कमी करताना पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटके वजा धरायची. म्हणजे आफ्रिकेच्या गोलंदाजांनी ज्या षटकांत जवळजवळ काहीच दिले नव्हते, त्या उत्तम कामाचीच त्यांना शिक्षा झाली. लोक म्हणाले, पावसाने मारले. पावसाचा यात दोष बारा मिनिटांचा. बाकीचा दोष नियम करणाऱ्यांचा. मात्र एक बाजू वर्तमानपत्रवाले विसरतात. त्याच सामन्यात दुपारी आफ्रिकेने ठरलेल्या वेळात ४५ च षटके टाकली होती, त्यामुळे इंग्लंडलाही पाच षटके कमी मिळाली होती. रडणारा नेहमीच संपूर्ण निष्पाप असतो असे नाही, आणि म्हणून नियम चांगला ठरतो असेही नाही. पुढे डकवर्थ आणि लुईस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी नवी रीत बसवली, ती १९९७ पासून वापरात आली. ती समजायला अवघड आहे, हे कबूल. पण किती गडी शिल्लक आणि किती चेंडू शिल्लक, या दोन्ही गोष्टी ती तोलते.

श्रोतेहो, नशीब या शब्दाशी आम्ही एवढे का झगडतो, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पत्र्याच्या कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, एकोणीस वर्षांच्या कंत्राटी पोराचा हात पॉवर प्रेसखाली आला. तीन बोटे गेली. आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "नशिबात होतं, दादा." तासाभराने कंपनीचे अधिकारी आले, तेही म्हणाले, "दुर्दैवी घटना आहे." माउलीने जो शब्द दुःख सोसण्यासाठी वापरला, तोच या गृहस्थांनी जबाबदारी टाळण्यासाठी वापरला. त्या मशीनचा गार्ड आठवड्यापूर्वीच काढून ठेवलेला होता, कारण गार्ड असला की तासाला निघणारे नग कमी होत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमात धोक्याच्या भागाला भक्कम आडोसा हवा असे स्वच्छ लिहिलेले होते. तेव्हा आम्ही तिथेही कागद वेगळे केले. त्या पाळीला त्या मशीनवर नेमका तोच पोरगा होता, दुसरा कोणी नव्हता, हे नशीब. पण त्या मशीनखाली कोणा ना कोणाचा हात जाणार, हे गार्ड काढला त्या दिवशीच ठरले होते. आमची सगळी तक्रार आम्ही या एका वाक्यावर उभी केली आणि भरपाई मिळवली. बोटे अर्थातच मिळाली नाहीत.

पंच कोणाचा, हा प्रश्न आता घेऊ. गल्लीत आपण सगळेच खेळलो आहोत. तिथे बॅटिंग करणाऱ्या बाजूचाच एक पोरगा अंपायर असतो, आणि त्याची स्वतःची पाळी यायची असते. असा अंपायर पायचीत कधी देईल? गल्लीत पायचीत नसतेच, त्याचे खरे कारण हे आहे! मोठ्या क्रिकेटमध्येही कित्येक दशके यजमान देशाचेच पंच असत. पाहुणे संघ घरी जाऊन पंचांच्या नावाने बोटे मोडत, आणि पुढच्या वर्षी आपल्या घरी तेच करत. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे आणले गेले. ते दोघे भारताचे होते, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याने याचा आग्रह धरला होता. भारत आणि पाकिस्तान यांचे राजकारण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल. पुढे २००२ पासून कसोटीला दोन्ही पंच तटस्थ देशांचे असा पायंडा पडला. कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये प्रवास बंद झाले तेव्हा तो काही काळ बाजूला ठेवावा लागला.

घरचे सगळे पंच अप्रामाणिक होते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रामाणिक पंचाचा निर्णयही समोरच्याला पटत नाही, हा त्या पद्धतीचा तोटा. कारखान्यात खात्यांतर्गत चौकशी होते. आरोप व्यवस्थापनाचा, साक्षीदार व्यवस्थापनाचे, आणि चौकशी अधिकारी व्यवस्थापनाने फी देऊन आणलेला वकील. तो सज्जन असू शकतो. आम्हाला असे सज्जन भेटलेही आहेत. तरी कामगार पहिल्याच दिवशी विचारतो, "साहेब, याचे पैसे कोण देतो?" याला उत्तर नाही. उलट १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी संपात प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना दोन्ही बाजूंनी पंच मानले, आणि त्यांनी दिलेली ३५ टक्के वाढ मालकांनी आणि कामगारांनी दोघांनीही मानली.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून क्रिकेटप्रेमी मंडळी आमच्यावर रागावतील. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडचे ५८ धावांत पाच गडी बाद झाले होते. त्यानंतर यष्टिरक्षक बॉब टेलर याला पंचांनी झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नव्हता, अशी भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याची खात्री होती. त्याने पंचांना निर्णय फिरवायची विनंती केली आणि टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली, आणि भारत तो सामना १० गड्यांनी हरला. विश्वनाथाचे हे वागणे थोर होते. त्या वेळी मैदानावर तसे वागायला छाती लागते. त्याचा उल्लेख आला की आमचीही मान लवते. पण आम्ही विचारतो, टेलरला न्याय मिळाला तो कशामुळे? समोर विश्वनाथ उभा होता म्हणून. दुसरा कोणी असता तर टेलर तंबूत गेला असता आणि आज कोणाला तो प्रसंग आठवलाही नसता. म्हणजे टेलरचा न्याय हाही नशिबाचाच भाग झाला. आमच्या चळवळीत हे फार ऐकायला मिळते. "आमचा मालक देवमाणूस आहे, आम्हाला युनियन नको." असतील, काही असतात. पण देवमाणसाला मुलगा असतो, आणि कारखाना पुढे मुलाच्या हाती जातो.

म्हणून दाद मागण्याचा हक्क हवा. आणि क्रिकेटच्या कायद्यात एक मौजेची गोष्ट आहे. क्षेत्ररक्षकांनी दाद मागितल्याशिवाय पंच कोणालाही बाद देत नाहीत. गडी उघड बाद असला तरी 'हाऊज दॅट' असा पुकारा झाला पाहिजे. रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही, ही म्हण एमसीसीच्या कायद्यात गेली आहे, असे आम्ही आमच्या अभ्यासवर्गात सांगतो. मात्र फलंदाजाला उलट दाद मागण्याची सोय फार काळ नव्हती. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानला पडद्यावर पाहून धावचीत ठरवण्याची सुरुवात झाली आणि त्यात पहिला बळी गेला आपला सचिन तेंडुलकर. पायचीत आणि झेल यांवरची दाद त्यानंतर सोळा वर्षांनी आली, त्याची कथा पुढे सांगतो.

पण हक्क मिळाला म्हणजे सगळे मिळाले असे नाही. २०१९ च्या त्या अंतिम सामन्याकडे पुन्हा पाहा. प्रत्येक संघाला डावात एकच दाद होती. फेटाळली गेली की संपली. गप्टिल पायचीत झाला, त्याने ती वापरली, ती व्यर्थ गेली. पुढे रॉस टेलरला पायचीत दिले. चेंडू यष्टींच्या वरून जाणारा होता हे नंतर पडद्यावर दिसले, पण मागायला दाद उरली नव्हती. तीनच दिवस आधी उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या जेसन रॉयचे हेच झाले होते. ८५ वर खेळत असताना बॅटला न लागलेल्या चेंडूवर झेलबाद, आणि दाद आधीच जॉनी बेअरस्टोने संपवलेली. पहिल्याने चुकीची तक्रार केली म्हणून दुसऱ्याची खरी तक्रार ऐकायची नाही, हा कोणता न्याय? वेळ वाचावा म्हणून असे करतात, हे आम्हाला कळते. न्यायालयातही वेळ वाचवतात. वाचलेला वेळ कोणाचा आणि बुडालेला न्याय कोणाचा, एवढे मात्र विचारले पाहिजे.

शेवटी सिडनीचे प्रकरण. जानेवारी २००८. आता आपला देश आला, तेव्हा डोके थंड ठेवा. अँड्र्यू सायमंड्स ३० वर असताना चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन धोनीच्या हाती गेला, पंच स्टीव्ह बकनर यांनी बाद दिले नाही. सायमंड्स नाबाद १६२. दुसऱ्या डावात राहुल द्रविडची बॅट पॅडमागे होती, चेंडू पॅडला लागला, आणि बकनरांनीच झेलबाद दिले. शेवटच्या दिवशी अवघी काही मिनिटे उरली असताना भारत १२२ धावांनी हरला. हा अन्याय होता, यात आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. याच प्रकरणानंतर, त्याच वर्षी जुलैमध्ये, कोलंबोच्या भारत-श्रीलंका कसोटीत पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची पद्धत प्रथम अजमावण्यात आली. त्या मालिकेत भारताची एकच दाद मान्य झाली, श्रीलंकेच्या अकरा. आणि मग आपल्याच मंडळाने २०१६ पर्यंत ही पद्धत नको म्हणून हट्ट धरला. नाचता येईना अंगण वाकडे, ते असे.

पण सिडनीनंतर आणखी एक गोष्ट झाली. भारतीय मंडळाने निषेध केला आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने पुढच्या पर्थच्या कसोटीतून बकनरांना काढले. त्यांच्या जागी बिली बोडन आले. आपल्याकडे फटाके वाजले. आम्हाला मात्र त्यात आनंद वाटला नाही, आणि हे आम्ही तेव्हाही बोललो होतो. बकनर एकसष्ट वर्षांचे होते. १९९२ पासून २००७ पर्यंत ओळीने पाच विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत ते उभे राहिले होते. त्यांचे काम घसरले असेल. मग त्यांच्या कामाची तपासणी करायची, त्यांचे म्हणणे ऐकायचे, आणि नियमाप्रमाणे मोकळे करायचे. इथे झाले ते असे की, ज्या मंडळाकडे खेळातला सर्वांत जास्त पैसा, त्याने आवाज चढवला आणि दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत माणूस हलवला गेला. पंच हाही पगारावर उभा राहणारा माणूस आहे. सबंध दिवस उन्हात, जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर बसायची सोय नाही, क्षणात निर्णय द्यायचा, आणि तोच निर्णय पडद्यावर दहा कोनांतून संथ गतीने सगळ्या जगाला दाखवला जाणार. अशा कामगाराला मोठ्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून काढले, तर आम्ही कोणत्या तोंडाने आमच्या फाटकावर उभे राहायचे?

पर्थची कसोटी भारताने ७२ धावांनी जिंकली. बकनर त्यानंतर आणखी वर्षभर पंचगिरी करून २००९ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर १२८ कसोट्या होत्या. लोकांना त्यातली एकच आठवते.